जनावरांचा रंग आणि चावणाऱ्या माश्या : हूफडॉर्पच्या कुरणांपासून चंद्रपूरच्या गोठ्यांपर्यंत

हूफडॉर्प : जून उजाडला की हार्लेमरमेर परिसरातील कुरणांमध्ये झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे मिरवणारे घोडे दिसू लागतात. ते झेब्रे नसतात. त्यांच्या अंगावर पट्ट्यांची जाळीदार झूल असते. नोकरीनिमित्त हूफडॉर्प आणि आम्स्टेलव्हेन भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले घोडेस्वारी शिकू लागली, की घोड्यांच्या साहित्याच्या दुकानात ही झूल हमखास समोर येते आणि प्रश्न पडतो : हा शोभेचा प्रकार आहे, विक्रीची युक्ती आहे, की त्यामागे काही शास्त्र आहे?

शास्त्र आहे, आणि ते गेल्या पंधरा वर्षांत बरेच पुढे सरकले आहे. मात्र त्याला मर्यादाही आहेत. ज्यांचे गावाकडे अजून गोठे आहेत, त्यांच्यासाठी हा विषय परदेशातील कुतूहलापुरता उरत नाही. चावणाऱ्या माश्यांमुळे दूध घटते, जनावर खंगते आणि काही वेळा ते दगावते. एका प्रसंगात तर महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याच्या रक्तात जनावरांचा परजीवी सापडला होता.

पोल्डर आणि 'दास'

हार्लेमरमेर हे मूळचे विस्तीर्ण तळे. वाफेच्या पंपांनी त्याचा उपसा करण्यात आला आणि १८५२ मध्ये ते कोरडे झाले. त्या पंपघरांपैकी क्रुकियस येथील इमारत आज संग्रहालय म्हणून जतन केली आहे. समुद्रसपाटीच्या काही मीटर खाली असलेली ही जमीन कोरडी ठेवण्यासाठी तिच्यात कालव्यांचे आणि चरांचे जाळे विणलेले आहे. चरांच्या काठचा ओला चिखल ही गोमाशीच्या अळ्यांना मानवणारी जागा. पाणी, चिखल आणि शेजारीच चरणारी गुरे-घोडी, असा हा योग पोल्डरमध्ये सहज जुळून येतो.

गोमाशीला डच भाषेत 'दास' म्हणतात, अनेकवचन 'दाझन'. कानाला हा शब्द मराठीतील 'डास' किंवा जुन्या 'डांस' या शब्दाच्या जवळचा वाटतो, परंतु आपला शब्द संस्कृत 'दंश'पासून आलेला आहे. शास्त्रीय वर्गीकरणात या माश्यांचे कुल टॅबॅनिडी. पावसाळी, दमट हवेत दिसणारी करड्या पंखांची लहान जात इथे 'रेखनदास' म्हणजे पावसाळी गोमाशी या नावाने ओळखली जाते.

गोमाशीची फक्त मादी चावते, कारण अंडी पक्व होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. नर फुलांतील मधुरसावर जगतो. डासाची सोंड सुईसारखी बारीक असते, तर गोमाशीचे मुखावयव कातडी कापणारे असतात. ती जखम करते आणि साचलेले रक्त टिपून घेते. म्हणून तिचा चावा झोंबतो, जनावर शेपटी झटकते, पाय आपटते, आणि माशीला जेवण अर्धवट टाकून उडावे लागते. भूक शिल्लक असल्याने ती लगेच शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेले ओले रक्त तिच्याबरोबर जाते आणि त्यातून रोगजंतूही. या प्रकाराला यांत्रिक संक्रमण म्हणतात.

रंग नेमका कुठे महत्त्वाचा ठरतो?

जनावर शोधताना माशी सर्व इंद्रिये एकाच वेळी वापरत नाही. दुरून तिला वासाचा माग लागतो. श्वासातील कार्बन डायऑक्साइड, गुरांच्या उच्छ्वासात आढळणारे ऑक्टेनॉल, लघवीतील अमोनिया आणि फिनॉलवर्गीय द्रव्ये ही तिची निमंत्रणे. काही अंतरावर आल्यावर दृष्टीचे काम सुरू होते : उजळ पार्श्वभूमीवर उठून दिसणारा मोठा, गडद आकार तिला खेचतो. शेवटच्या टप्प्यात उष्णता आणि कातडीचा पोत यांना महत्त्व येते.

म्हणजे रंग हा साखळीतील मधला दुवा आहे. पांढऱ्या जनावराचा वास लपत नाही. माशी त्याच्या परिसरात येतेच. फरक पडतो तो अंगावर उतरण्याच्या वेळी.

पांढरा घोडा आणि ध्रुवित प्रकाश

या विषयाला नवे वळण दिले ते बुडापेस्टच्या एत्वॉश लोरांड विद्यापीठातील गाबोर होरवाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की काळ्या आणि तपकिरी घोड्यांच्या तुलनेत पांढऱ्या घोड्यांवर गोमाश्या फार कमी येतात. कारण केवळ काळा-पांढरा हा भेद नसून प्रकाशाचे ध्रुवण हे आहे.

सूर्यप्रकाशातील लहरी सर्व दिशांनी कंप पावतात. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात आडव्या दिशेचे कंपन प्रबळ होते. त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. माणसाच्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, अनेक कीटकांना जाणवतो. गोमाशीला अंडी घालण्यासाठी पाण्याजवळची जागा हवी असते, त्यामुळे ध्रुवित प्रकाशाकडे जाण्याची ओढ तिच्या ठायी उपजत आहे. काळ्या, तुकतुकीत कातडीवरून परतणारा प्रकाशही बऱ्याच अंशी ध्रुवित असतो. पांढऱ्या केसांतून तो सर्व दिशांना विखुरतो आणि ध्रुवण नाहीसे होते. साहजिकच पांढरा घोडा माशीच्या नजरेत भरत नाही.

याच कारणाने काळ्या चकचकीत मोटारी, पॉलिश केलेले काळे दगड आणि सौर पॅनेल यांच्याकडेही पाण्याशी नाते असलेले कीटक फसून जातात. काळ्या थडग्यांकडे ओढल्या जाणाऱ्या चतुरांचा अभ्यासही होरवाथ यांच्या गटाने केला आहे. या दोन्ही संशोधनांना मिळून २०१६ चा भौतिकशास्त्राचा इग नोबेल पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जातो.

पांढऱ्या रंगाची किंमतही असते. वयाबरोबर पांढऱ्या पडत जाणाऱ्या घोड्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या गाठी मोठ्या प्रमाणावर आढळतात. पंधरा वर्षांवरील अशा घोड्यांपैकी बहुसंख्यांना त्या होतात. माश्यांपासून मिळणारा दिलासा हा इतर तोट्यांच्या हिशेबात धरावा लागतो.

पट्ट्यांचे कोडे

झेब्र्याला पट्टे कशासाठी, हा वाद डार्विन आणि वॉलेस यांच्या काळापासूनचा. शत्रूपासून लपण्यासाठी, कळपातील ओळखीसाठी, शरीर थंड ठेवण्यासाठी, अशी अनेक उत्तरे सुचवली गेली. २०१४ मध्ये टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी घोडवर्गातील प्राण्यांच्या पट्ट्यांचे प्रमाण आणि त्यांच्या प्रदेशांतील परिस्थिती यांची तुलना केली. जिथे गोमाश्यांना अनुकूल हवामान दीर्घकाळ टिकते, तिथेच ठळक पट्ट्यांचे प्राणी आढळतात, हा संबंध सर्वांत भक्कम निघाला. झेब्र्याचे केस आखूड असल्याने त्याला माश्यांपासून दुसरे संरक्षणही कमीच असते.

हंगेरीच्या गटाने २०१२ मध्ये चिकट लेप लावलेल्या घोड्यांच्या प्रतिकृती कुरणात उभ्या केल्या. पट्टेरी प्रतिकृतीवर पांढऱ्या प्रतिकृतीपेक्षाही कमी माश्या चिकटल्या. पट्टे जितके अरुंद तितके आकर्षण कमी, असेही आढळले. त्याच वर्षी ठिपक्यांविषयीही असाच निष्कर्ष आला : ठिपके जितके लहान आणि संख्येने जास्त, तितकी माश्यांची ये-जा कमी.

सर्वांत बोलका प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील एका तबेल्यात कॅरो, ब्रिस्टल विद्यापीठाचे मार्टिन हाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रे आणि घोडे यांच्याभोवती उडणाऱ्या गोमाश्यांचे चित्रीकरण केले. दोघांच्या जवळ येणाऱ्या माश्यांचे प्रमाण सारखेच होते. परंतु झेब्र्यावर उतरणाऱ्या माश्या घोड्याच्या तुलनेत सुमारे एक-चतुर्थांश होत्या. उतरण्यापूर्वी माशीने वेग कमी करायला हवा. झेब्र्यापाशी तो कमी होत नव्हता. माश्या आदळून परतत किंवा बाजूने निघून जात. नंतर त्याच घोड्यांना काळी, पांढरी आणि पट्टेरी झूल आळीपाळीने घातली. पट्टेरी झुलीवर सर्वांत कमी माश्या बसल्या. उघड्या डोक्यावर मात्र तिन्ही वेळा माश्यांची संख्या सारखीच राहिली. झूल जेवढे अंग झाकते तेवढ्याच भागाचे रक्षण होते, हे यातून स्पष्ट झाले.

पट्ट्यांमुळे माशीला चक्रावून टाकणारा दृष्टिभ्रम होतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाई. २०२० मध्ये चौकटीची झूलही तितकीच परिणामकारक ठरल्याने ते मागे पडले. २०२३ च्या पुढील प्रयोगांनी अधिक साधे उत्तर पुढे आणले : माशीला मोठा, सलग, गडद पृष्ठभाग हवा असतो. पट्टे किंवा चौकटी त्याचे तुकडे करतात आणि जवळ येताच तिचे लक्ष्य विरघळते.

जपानची रंगवलेली गाय

घोड्यांचे निष्कर्ष गुरांना लागू होतात का, याचे उत्तर जपानमधून आले. आइची प्रांतातील टोमोकी कोजिमा आणि सहकाऱ्यांनी जपानी काळ्या जातीच्या सहा गायींवर तीन प्रकारची मांडणी करून पाहिली : पांढरे पट्टे रंगवून झेब्र्यासारखे रूप, काळ्या अंगावर काळ्याच रंगाचे पट्टे, आणि काहीच न लावता. काळ्या पट्ट्यांचा हेतू असा, की परिणाम रंगाच्या वासामुळे होतो की नक्षीमुळे, हे कळावे. काळे-पांढरे पट्टे असलेल्या गायींवर बसणाऱ्या माश्या जवळपास निम्म्याने घटल्या, आणि शेपटी झटकणे, पाय आपटणे, मान हलवणे या हालचालीही सुमारे वीस टक्क्यांनी कमी झाल्या. नुसत्या काळ्या रंगाचा तसा उपयोग झाला नाही. २०१९ च्या या संशोधनाला २०२५ चा जीवशास्त्राचा इग नोबेल पुरस्कार मिळाला.

प्रयोग लहान होता आणि पाण्यात विरघळणारा रंग काही दिवसांतच उतरतो. तरीही कीटकनाशकाचा थेंबही न वापरता माश्या निम्म्यावर आल्या, ही गोष्ट दुग्धव्यवसायाच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

महाराष्ट्रातील गोठा

महाराष्ट्रात गुरांच्या रंगांची विविधता मोठी आहे. माणदेशातील खिल्लार आणि वर्ध्याकडील गवळाऊ पांढऱ्या-करड्या रंगाची. लाल कंधारी गडद तांबडी. अतिपावसाच्या इगतपुरी-अकोले पट्ट्यातील डांगी पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके मिरवणारी. देवणीचे तर रंगावरूनच तीन प्रकार मानतात : पूर्ण पांढरा बालंक्या, पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा वानेरा, आणि काळे ठिपके असलेला शेवरा. पंढरपुरी, नागपुरी आणि मराठवाडी या म्हशी मात्र काळ्या.

या रंगांमागे केवळ माश्या आहेत असे म्हणता येणार नाही. उन्हाचा ताप, पैदाशीची आवड आणि बाजारातील पसंती यांचाही त्यात वाटा आहे. परंतु वरील संशोधनाच्या कसोटीवर पाहिले तर सर्वाधिक झळ म्हशीला बसावी, असा निष्कर्ष निघतो. तिची कातडी काळी, केस विरळ, आणि भिजल्यावर ती अधिकच तुकतुकीत दिसते. म्हैस पाण्यात डुंबते ती प्रामुख्याने अंग थंड ठेवण्यासाठी. पण बुडालेल्या भागावर माशीला बसता येत नाही, आणि अंगावर वाळलेला चिखल चकाकी घालवतो व कातडीवर कवच चढवतो. पक्क्या गोठ्यात बांधलेल्या म्हशीला हा नैसर्गिक उपाय मिळत नाही, याची जाणीव गोठा बांधताना ठेवायला हवी.

पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठिपके आणि हाताचे छाप उठवण्याची पद्धत आहे. श्रावणातला हा काळ माश्यांच्याही भराचा असतो. परंतु या प्रथेचे प्रयोजन सण आणि कृतज्ञता हे आहे. तिच्यात माश्यांचे शास्त्र शोधणे ओढूनताणून होईल.

सर्रा : माशीने आणलेला रोग

गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या रोगांत भारतातील सर्वांत जुने नाव 'सर्रा'. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाला आजारी घोडे आणि उंट यांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म परजीवी दिसला. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोमा जातीचा हा पहिला ज्ञात परजीवी. इव्हान्स यांच्या नावावरून त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात. आफ्रिकेतील निद्रारोगाचा परजीवी त्याचाच भाऊबंद. तिथे तो त्सेत्से माशीच्या शरीरात वाढतो. सर्राला मात्र अशी खास माशी लागत नाही, गोमाशीच्या तोंडावरचे ओले रक्त पुरते. घोडे, उंट, म्हशी, गायी आणि कुत्री यांना हा रोग होतो. थांबून थांबून येणारा ताप, रक्तक्षय, सूज आणि खंगत जाणे ही त्याची लक्षणे.

माणसाला हा रोग होत नाही असे मानले जाई. चंद्रपूर जिल्ह्यातील सिवनी गावच्या एका शेतकऱ्याने हा समज मोडला. २००४ मध्ये वारंवार येणाऱ्या तापाच्या तपासणीत त्याच्या रक्तात हा परजीवी आढळला. नागपूरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. माणसातील ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीच्या संसर्गाची ती पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. पुढील संशोधनात कारणही उलगडले : माणसाच्या रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन या परजीवीला मारते, आणि या शेतकऱ्यात जनुकीय बदलामुळे ते तयारच होत नव्हते. अशी व्यक्ती विरळा असते. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु गोठ्यातील रक्त आणि माणूस यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी चर्मरोगानेही हाच धडा दिला. या विषाणूच्या प्रसारात चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचा वाटा असतो. शेळ्यांच्या देवीची लस देऊन राज्यात मोठ्या प्रमाणावर लसीकरण करावे लागले. रंग किंवा झूल हा अशा साथीवरचा उपाय नव्हे. लस, विलगीकरण आणि कीटकनियंत्रण यांनाच पर्याय नाही.

सगळ्या माश्या सारख्या नाहीत

झूल विकत घेणाऱ्याची सर्वाधिक गल्लत इथे होते. गोमाशी दिवसा, उन्हात उडते आणि नजरेवर अवलंबून असते. तिच्यावर पट्ट्यांचा परिणाम होतो. गोठ्यातील चावरी माशी, जिला डच लोक 'स्टालव्लीख' म्हणतात, प्रामुख्याने पायांवर बसते, नर आणि मादी दोघेही रक्त पितात, आणि तिची पैदास शेण मिसळलेल्या ओल्या पेंढ्यात होते. तिच्यासाठी स्वच्छता हे पहिले औषध. चिलटे अगदी बारीक असतात आणि मुख्यतः पहाटे व तिन्हीसांजेला चावतात. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मेंढ्या-गुरांत पसरलेला नीलजिव्हा रोग या चिलटांनी आणला. घोड्यांना उन्हाळ्यात होणारी खाजेची ॲलर्जी, डच भाषेतील 'झोमरएक्झेम', हीदेखील प्रामुख्याने त्यांच्याच चाव्यामुळे होते. चिलटांसाठी झुलीवरची नक्षी निरुपयोगी आहे. तिथे जाळीची वीण किती बारीक, हेच महत्त्वाचे.

घोडा किंवा गुरे सांभाळणाऱ्यांसाठी

झूल निवडताना गडद, एकरंगी कापड टाळावे. पांढरे किंवा फिकट कापड बरे, अरुंद पट्टे किंवा चौकटी असलेले अधिक बरे. मान, पोट आणि शेपटीचा बुंधा झाकला जाईल असे माप घ्यावे आणि डोक्यासाठी स्वतंत्र जाळी वापरावी. फ्रीझियन जातीचे काळे घोडे पाळणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

गोमाश्यांच्या दिवसांत भर उन्हाच्या वेळी जनावराला सावलीत किंवा तबेल्यात ठेवावे. चिलटांचा त्रास असेल तर पहाटे आणि संध्याकाळी. डच कुरणांत दिसणारा, शंकूखाली काळा चकचकीत चेंडू टांगलेला 'दाझनव्हाल' हा सापळा याच शास्त्रावर चालतो : उन्हाने तापलेला काळा गोल माशीला जनावर भासतो, आणि वर उडताना ती शंकूत अडकते. तो जनावरांच्या अगदी जवळ न लावता उन्हात, उघड्यावर लावावा.

कीटकनाशके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावीत. परमेथ्रिन मांजरांना आणि माशांना घातक असते; चरांनी वेढलेल्या पोल्डरमध्ये हा धोका विसरता येत नाही. गावाकडील गोठ्यात शेण वेळेवर हलवणे, मूत्राचा निचरा करणे आणि बारीक जाळी बसवणे हे उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची असेल तर हवा खेळती ठेवावी. पट्ट्यांचा प्रयोग करून पाहण्याच्या उत्साहात चुना किंवा भिंतीचा रंग जनावराच्या अंगाला कधीही लावू नये. चुन्याने कातडी भाजते आणि जनावर रंग चाटते.

माणसांनाही हेच नियम लागू पडतात. होरवाथ यांच्या गटाने २०१९ मध्ये माणसांच्या पुतळ्यांवर प्रयोग केला तेव्हा तपकिरी पुतळ्याकडे पांढरे पट्टे रंगवलेल्या पुतळ्यापेक्षा दहापट गोमाश्या आल्या. उन्हाळ्यात चरांच्या काठाने सायकल चालवणाऱ्यांनी काळे किंवा गडद निळे कपडे घरी ठेवून फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

झुलीची मर्यादा आणि तिचा उपयोग दोन्ही ध्यानात घेतले तर व्यवहार सोपा होतो. पट्टे माशीला पळवून लावत नाहीत, ते तिला उतरू देत नाहीत. जनावर आजारी दिसले, ताप किंवा गाठी आल्या, दूध अचानक घटले, तर उत्तर झुलीत नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलावणे हाच मार्ग, मग तो गोठा हूफडॉर्पजवळ असो की सिंदेवाहीजवळ.